माझ्या नावाचा भांडारी

माझ्या लग्नात रुखवतावर सहा जाडजूड पुस्तकं मांडलेली होती. माझे सासरे धुळ्याला शाळामास्तर. त्यांनी लाडू, चकल्या, कापसाच्या बाहुल्या आणि मण्यांचा पंखा यांच्या शेजारी ती एकावर एक रचून ठेवली होती, आणि आमच्याकडच्या बायका त्यांना हात लावून बघत होत्या. एका मामीनं विचारलं, ही पोथी आहे का? मास्तर म्हणाले, कादंबरी आहे, एकच, सहा भागांची. मामीनं नाक मुरडलं. मला मात्र तेव्हा अभिमान वाटला होता. जळगावच्या मालधक्क्यावरच्या कारकुनाच्या घरात एवढी पुस्तकं येणार म्हणजे चार लोक कौतुक करतील, असा माझा हिशेब. त्या पुस्तकांतून एक परपुरुष माझ्या घरात येतोय आणि तो पुन्हा जायचा नाही, हे मला कोण सांगणार?

महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ती वर्षं. आम्ही स्टेशनजवळच्या एका गल्लीत दोन खोल्यांत बिऱ्हाड मांडलं. सकाळी मी डबा घेऊन धक्क्यावर जाई, दिवसभर रुईच्या गाठी मोजून घेई, व्यापाऱ्यांच्या मुनीमांशी हुज्जत घाली आणि दिवेलागणीला कपड्यांना कापूस चिकटलेला असा घरी येई. बायको दार उघडी, पाणी देई, आणि मी गूळ तोंडात टाकतोय तोवर सांगायला सुरुवात करी. आज त्यानं असं केलं. आज तो असं म्हणाला. आज त्याचा घोडा नदीच्या पुरात अडकला होता.

तो म्हणजे त्या कादंबरीचा नायक. आणि ती त्याला 'तो' म्हणत नसे, चक्क नावानं बोलवी. मी ते नाव इथं लिहिणार नाही. तेवढा सूड मला घेऊ द्या.

आता यात दुखण्यासारखं काय, असं आजच्या मुलींना वाटेल. तेव्हा आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं असं मानत. 'अहो', 'इकडून', 'घरातले', यावर सगळा संसार चाले. माझं नाव एका देवाचं आहे. आरतीत ते आलं की माझी बायको ओठ मिटून घेई आणि पुढच्या शब्दाला पुन्हा सगळ्यांत सामील होई. त्याच नावाचा भाजीवाला गल्लीत यायचा, त्याला ती 'अहो मेथीवाले' म्हणून हाक मारी. लग्नात घास भरवताना तिनं उखाण्यात माझं नाव घेतलं म्हणतात, पण वाजंत्र्यांच्या गोंगाटात शेजारी बसून मला ते ऐकू आलं नाही. म्हणजे माझ्या बायकोच्या तोंडून माझं नाव मी कधीच ऐकलेलं नव्हतं. आणि त्या घोडेस्वाराचं नाव मात्र भाकरी थापताना, केस विंचरताना, लसूण सोलताना ऐकत होतो. कधी हळू, कधी काळजीनं, कधी हसत. मला ते सहन होत नसे. मला तसंच, तितक्याच सहज, एकदा तिच्या तोंडून माझं नाव ऐकायचं होतं. माणसानं बायकोकडे मागावं असं काही हे नव्हतं, आणि मागितलं असतं तरी तिनं दिलं नसतं.

शेवटी मी ठरवलं, हा गडी आहे तरी कोण ते बघू. एका रविवारी पहिला भाग घेऊन बसलो. एक नदी होती. ती कुठून निघते, कुठे वळते, तिच्या काठाला कोणती झाडं, कोणत्या गावात कोणता पाणवठा, हे वाचून माझी मान दुखायला लागली. मग एक घराणं आलं. त्यातल्या आजोबांचे वाद आले. चाळीसेक पानं झाली तरी घोडेस्वार जन्मलासुद्धा नव्हता. मी पुस्तक मिटलं आणि तिला विचारलं, थोडक्यात गोष्ट काय आहे ते सांग. ती म्हणाली, थोडक्यात नाही सांगता येत.

तिची वाचायची तऱ्हाच वेगळी होती. रोज थोडं वाची. आवडलं तर तेच पान दुसऱ्या दिवशी पुन्हा वाची. पुढं काय होतं ते डोकावून बघणं तिला चोरीसारखं वाटे. मला तसलं काही वाटत नसल्यामुळे मी सहाव्या भागाचं शेवटचं पान काढून बघितलं. तिथं पुन्हा ती नदीच होती. पण त्याच्या मागच्या पानावर त्या घोडेस्वाराच्या समाधीचा उल्लेख सापडला आणि माझा आनंद गगनात मावेना. रात्री जेवताना तिला म्हणालो, तुझा तो शेवटी मरतो. ती ताटात वरण वाढत म्हणाली, एवढी मोठी गोष्ट आहे, माणसं मरायचीच. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायला बसली.

पुढं हे प्रकरण गल्लीत पसरलं. समोर एक अक्का राहायच्या, मूळच्या सोनगीरकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. त्यांना वाचता येत नसे. दुपारी ज्वारीचे बिबडे वाळत घातले की त्या राखणीला आमच्या ओट्यावर बसत. एक दिवस म्हणाल्या, मनातल्या मनात काय वाचतेस, जरा आम्हालाही ऐकव. मग ती मोठ्यानं वाचू लागली. कोपऱ्यावरच्या मारवाडी दुकानदाराची सून मागच्या दारानं येऊ लागली. आणखी दोघीतिघी जमल्या. हातात शेवया, डाळी, निवडायचा कापूस, आणि तोंडानं घोडेस्वाराची चौकशी. आता ते नाव आमच्या घरापुरतं राहिलं नाही. मी धक्क्यावरून येत असलो तर अक्का ओट्यावरून सांगत की आज तो किल्ल्यावर चढला, जणू त्यांचाच पुतण्या होता.

एक दिवस मला ताप भरला म्हणून मी घरीच होतो. आतल्या खोलीत पांघरूण घेऊन पडलो होतो आणि बाहेर वाचन चाललं होतं. तिचा वाचतानाचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. माझ्याशी बोलताना तो आवाज कधी आला नव्हता. घोडेस्वार आईचा निरोप घेत होता आणि ती इतकं मन लावून वाचत होती, की तापातही माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मग एक भांडारी आला. छावणीतल्या कोठाराचा कारभारी. त्याचं नाव काही येईना. बाकी सगळ्यांना नावं होती, घोड्यालासुद्धा होतं, हा नुसता भांडारी. आणि तो आला की ती किंचित अडखळे आणि बायका खुसखुसत.

दोन दिवसांनी अक्कांनी मला ओट्यावर अडवलं. "भाऊ, तुम्हीबी शेतस त्या पुस्तकमा," त्या म्हणाल्या, "इचारा तुमनी बायकोले."

मी विचारलं. ती लाजली, पदराचं टोक चाळवत राहिली आणि म्हणाली की तिसऱ्या भागात एक जण आहे त्याचं नाव तुमचंच आहे, मी भांडारी म्हणून वाचते. म्हणजे तिथंही. छापील पुस्तकातल्या माणसाचं म्हणूनसुद्धा ते नाव तिच्या ओठावर यायचं नव्हतं.

मी त्याच दिवशी तिसरा भाग काढला. नदी नको, घराणं नको, नुसतं माझं नाव शोधत पानं उलटत गेलो. सापडलं. माझ्या नावाचा तो माणूस छावणीत तेल आणि धान्य मोजून देत असे. ज्याला त्याला टोकत असे, की कणगीचं झाकण उघडं ठेवलंत, घागरीवर ताट घातलं नाही. पळीभर तुपावरून त्यानं एका सरदाराशी भांडण काढलं. सगळे त्याची टर उडवत. घोडेस्वारसुद्धा हसून म्हणे, याच्या हाती दिलं तर हा चंद्रावरही झाकण घालील. आणि मी स्वतः घरात झाकणांवरून कटकट करणारा माणूस आहे. दुधावर झाकण नाही, माठावर झाकण नाही, हे मी रोज बोलत होतो. तर मग माझ्या ओट्यावर रोज दुपारी ह्याच गोष्टीवर हसणं चाललं होतं! घोडेस्वाराच्या वाट्याला घोडा, किल्ला आणि माझ्या बायकोचा आवाज. माझ्या वाट्याला तूप आणि बायकांचं खुसखुसणं.

तेवढ्यावरही भागलं नाही. त्याच भागात घोडेस्वार या भांडाऱ्याला एका डोंगराळ गावात धाडतो. तिथल्या कोठाराची किल्ली देतो, मी येईपर्यंत सांभाळ म्हणतो. भांडारी जातो. आणि संपलं. मी चौथा भाग चाळला, पाचवा चाळला. लढाया होत्या, लग्नं होती, माझं नाव कुठंही नव्हतं. मी पुस्तक ठेवलं आणि तिला म्हणालो, तुझ्या लेखकानं मला वाटेत सोडलं आणि विसरून गेला.

ती नुकतीच चौथ्या भागात शिरली होती. बोट पानात ठेवून तिनं माझ्याकडे बघितलं.

"इतकं लिहिणारा माणूस विसरायचा नाही," ती म्हणाली.

मी म्हटलं, वाट बघत बस. आणि त्या पुस्तकांचा नाद सोडला. त्यानंतर कितीतरी महिने घरात घोडेस्वाराचा विषय निघाला की मी उठून चपला शोधत असे. ती सांगायची थांबली. ते मला जास्तच लागलं, कारण आता ती सगळं अक्कांशी बोलत होती.

मग ती धुळ्याला माहेरी गेली. आमची थोरली तिकडेच झाली. परत आली ती चाळीसगावला गाडी बदलून, एका काखेत मूल आणि दुसऱ्या काखेत पाचवा भाग. सासऱ्यांकडे वाचायला नेला होता म्हणे. मी स्टेशनावर उतरवून घ्यायला गेलो तर तिनं आधी मूल माझ्याकडे दिलं, पुस्तक नाही. एवढ्यावर मी त्या दिवशी समाधान मानलं.

वाचन पुन्हा सुरू झालं. थोरली मांडीवर, पुस्तक पाटावर. युद्ध पेटलं होतं आणि धक्क्यावर काम वाढलं होतं. एक दिवस जरा लवकर सुटलो. ओट्यावर बायका होत्या, पण कोणी बोलत नव्हतं. मारवाड्याची सून घुंगट पुढं ओढून निघून गेली. बायकोचे डोळे लाल होते. मला वाटलं, धुळ्याहून काही वाईट बातमी आली. ती म्हणाली, काही नाही, पुस्तकातलं आहे. घोडेस्वार मेला असेल असं समजून मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकला आणि चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला निघालो तर अक्का आपल्या दारात माझी वाट बघत उभ्या होत्या. इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"भाऊ, तिनी काल तुमनं नाव लिधं. आम्हले वाटनं तुम्हीच दारमा उभा शेतस. आम्ही बठ्ठ्यासनी डोकावर पदर लिधा नि दारकडे दखं."

मी तिथंच उभा राहिलो. मग अक्कांनी सगळं सांगितलं. तो भांडारी परत आला होता. पुस्तकाच्या शेवटच्या भागात. इतके दिवस त्या बायका त्याला भांडारी म्हणूनच ओळखत होत्या, त्याला नाव असल्याचंही त्या विसरल्या होत्या. आणि काल वाचता वाचता तिनं एकदम माझं नाव उच्चारलं. ते ऐकल्याबरोबर या सगळ्या सावरून बसल्या, कारण नवऱ्याचं नाव असं उघड निघालं म्हणजे काहीतरी आक्रीत घडलंय, नाहीतर नवराच दारात आलाय. दारात कोणी नव्हतं. तेव्हा कळलं की ते पुस्तकातलं आहे. मग ती रडू लागली आणि तिच्याबरोबर सगळ्याच.

मी अक्कांना विचारलं, कसं घेतलं? त्यांना प्रश्न कळला नाही. मी पुन्हा विचारलं, म्हणजे आवाज कसा होता?

अक्का जरा विचार करून म्हणाल्या, "लेकरूनं नाव लेतस ना, तसं."

पोटच्या लेकराचं नाव घेतात तसं! त्या दिवशी माझ्या हातून धक्क्यावर एक काम धड झालं नाही. इतके दिवस मी एका कागदी घोडेस्वारावर जळत होतो. आता मी अक्कांवर जळू लागलो. मारवाड्याच्या सुनेवर, डाळ निवडणाऱ्या त्या बायकांवर. माझं नाव त्यांनी ऐकलं होतं. मी तेव्हा रुईच्या गाठी मोजत होतो.

संध्याकाळी सहावा भाग मागितला. ती म्हणाली, तेवढंच पान वाचाल तर तुम्हाला काही मिळायचं नाही, पहिल्यापासून वाचा. मी चिडलो, पण ती बधली नाही. तेव्हा मी पहिला भाग उघडला आणि पुन्हा त्या नदीकाठी जाऊन बसलो.

मी ती कादंबरी ईर्ष्येनं वाचली, हे खरं. प्रेमानं नाही. पण लांब कादंबरीला तुमच्या ईर्ष्येचं काही देणंघेणं नसतं. ती आपल्या चालीनं जाते आणि तुम्हाला त्या चालीवर यावंच लागतं. मी रोज जेवण झाल्यावर थोडी पानं वाची. आधी नदी कंटाळवाणी वाटली, मग तिच्या काठचे पाणवठे पाठ झाले, मग एका पाणवठ्यावर कोणी कोणाला भेटलं तेव्हा मला आधीच कळलं की इथून वाट किल्ल्याकडे जाते, आणि उगाच गावचा माणूस असल्यासारखं वाटलं. घोडेस्वाराशी माझं काही जमलं नाही. तो खरोखरच चांगला माणूस होता, आणि ते कळल्यावर त्याचा जास्तच राग आला. रॉकेल मिळेनासं झालं तेव्हा मी दुपारच्या सुट्टीत धक्क्यावर, गाठींना टेकून वाचू लागलो. पहिला भाग सुरू केला तेव्हा थोरली रांगत होती. पाचव्यात आलो तोवर ती मला विचारू लागली होती, की या पुस्तकात चित्रं का नाहीत.

तिसऱ्या भागातला भांडारी या वेळी मला हास्यास्पद वाटला नाही. आजोबांच्या वादांपासून मी त्या घराण्यात होतो, त्यामुळे त्या लोकांनी किती आणि कसं उधळलं होतं हे मला माहीत होतं. झाकणं घालणारा त्यांच्यात तेवढा एकच होता. तो किल्ली घेऊन गेला तेव्हा मला चुटपुट लागली, आणि चौथ्या, पाचव्या भागात तो येत नव्हता तेव्हा पानं चाळायची इच्छा झाली तरी मी चाळली नाहीत. बायको हे सगळं बघत होती. तिनं एकदाही विचारलं नाही की कुठवर आलात. खूण ठेवलेली असे, ती बघून तिला कळत असणार.

सहाव्या भागात ते दिवस आले. लढाई हरली, घोडेस्वार गेला, दुष्काळ पडला. त्याची बहीण उरलेली माणसं घेऊन डोंगरातून चालत निघते. मी त्या पानापाशी आलो तो रविवार होता, सकाळची वेळ. स्वयंपाकघरात वांगी भाजल्याचा वास सुटला होता. मी वाचायचा थांबलो आणि तिला हाक मारली. म्हटलं, इथून पुढं तू वाच. मोठ्यानं.

तिनं पान बघितलं आणि समजली. हात पुसले, माझ्यासमोर भिंतीला टेकून बसली. वाचू लागली. तोच आवाज, जो मी तापात ऐकला होता. आता तो माझ्यासाठी होता, आणि ऐकायला मी एकटाच.

घोडेस्वाराची बहीण त्या गावात पोचते. कोठाराच्या दाराशी एक म्हातारा बसलेला असतो. त्याच्याकडे इतक्या वर्षांत कोणी आलेलं नाही. ज्यानं किल्ली दिली तो मेला हेही त्याला माहीत नाही. तो उठतो, कुलूप काढतो. आत कणग्या भरलेल्या, एकूणएक झाकणं जागच्या जागी. माणसं धान्याकडे धावतात. बहीण मात्र त्या म्हाताऱ्यासमोर उभी राहते. तो भांडारी आहे एवढं तिला दिसतंय, पण त्याची आठवण सांगायला कोणी उरलेलं नाही.

"'भांडारी आहात हे कळलं,'" माझी बायको वाचत होती. "'नाव काय तुमचं?'"

ती थांबली. मी खाली बघत बसलो. बाहेर अक्का कोणाला तरी ओरडत होत्या. मी इतकी पानं याच एका ओळीसाठी चालून आलो होतो आणि ती समोर बसलेली होती. मी वर बघितलं तर तिचे ओठ मिटलेले, आरतीत मिटायचे तसेच, आणि डोळे भरलेले.

तिनं पुस्तक फिरवून माझ्या हातात दिलं आणि बोटानं ती ओळ दाखवली.

"एवढं तुम्ही वाचा," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघत माझं नाव वाचलं. तिनं पदर डोक्यावर नीट घेतला आणि पुढची ओळ ऐकायला बसून राहिली.

अक्कांनी जे ऐकलं ते मला पुढेही कधी ऐकायला मिळालं नाही.